पडवीतल्या ‘जुन्या सजावटी’बद्दल विश्वस्तांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
आपली संस्था, बडोदे.

स. न. वि. वि.

संस्थेचं नाव वर लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. भांडण घरातलं आहे. ‘पडवीतली वडाची भिंत’ एवढं म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पत्र मात्र उघड लिहिते आहे, कारण आधीची दोन पत्रं आवक-नोंदवहीत चढली आणि तिथंच झोपली.

गेल्या महिन्यात सभासदांना नव्या इमारतीचं परिपत्रक आलं. तळघरात पार्किंग, वर वातानुकूलित सभागृह, लिफ्ट. सगळं हवंच आहे. माझ्या सासूबाई गुडघ्यांपायी तीन वर्षं वरच्या मजल्यावरच्या कीर्तनाला येऊ शकलेल्या नाहीत, तेव्हा लिफ्टला नाही म्हणणारी मी कोण? माझी हरकत सातव्या कलमाला आहे: ‘पडवीतील भिंतीवरची जुनी सजावट पाडकामात जाणार असल्याने तिचे छायाचित्र काढून ते नव्या लॉबीत फ्लेक्स स्वरूपात लावण्यात येईल.’

ती ‘जुनी सजावट’ माझ्या आजीनं काढली. आम्ही तिला माई म्हणायचो. १९६४ च्या दिवाळीनंतर तिनं ती भिंत हातात घेतली आणि संक्रांत उलटल्यावर सोडली. चौदा फूट रुंद, सात फूट उंच. वडाचं एक झाड आणि नऊ बायका. वटपौर्णिमेचा दिवस. वडांवरून ज्या गावाचं नाव पडलं, त्या गावातल्या संस्थेच्या भिंतीवर दुसरं काय काढणार, असं तिचं म्हणणं होतं. तुमच्या आधीच्या मंडळाला सरस्वती हवी होती.

माईबद्दल थोडं सांगते, कारण आताच्या कार्यकारिणीतल्या निम्म्या लोकांनी तिला फक्त म्हातारपणी, पहिल्या रांगेत डुलक्या घेताना पाहिलेलं आहे. ती १९३१ ची, रावपुऱ्यातली. वडील राजवाड्याच्या खानगी खात्यात कारकून. तांबेकर वाडा घरापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी एकदाच ती कुणाच्या तरी ओळखीनं आत गेली आणि भिंतींवरची चित्रं बघत इतका वेळ उभी राहिली की तिला शोधायला माणूस पाठवावा लागला. नंदलाल बोस कीर्तिमंदिरात भित्तिचित्रं करत होते, १९३९ ते १९४६, तेव्हा ती आठ ते पंधरा वर्षांची. वडिलांचं बोट धरून दोन-तीनदा तरी गेली असेल. मीरेच्या चित्रापुढे रखवालदारानं ‘हात मागं बांधून उभी राहा’ असं दटावल्याचं ती ऐंशीव्या वर्षीही सांगायची, आणि सांगताना हात मागं बांधायची.

१९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी ललितकला विद्याशाखा, म्हणजे आपली फाईन आर्ट्स. बेंद्रे सर तिथं चित्रकला शिकवायला आले. नारायण श्रीधर बेंद्रे. इंदूरचे, मराठी. पोरीच्या वडिलांना तेवढा आधार पुरला. ‘मास्तर आपल्यातले आहेत’ या एका वाक्यावर माईला प्रवेश मिळाला, असं ती हसून सांगे. एका उन्हाळ्यात ती राजस्थानात बनस्थलीला भित्तिचित्रांच्या शिबिराला गेली आणि तिथून जयपुरी पद्धत घेऊन आली. पुढे लग्न झालं. मग डांडिया बाजारातलं दहा माणसांचं घर, मुलींच्या शाळेत चित्रकलेच्या तासिका आणि दर दिवाळीत आपल्या संस्थेच्या अंगणातली रांगोळी. संस्थेच्या कागदोपत्री ती ‘रांगोळी विभाग प्रमुख’ आहे. सलग एकवीस वर्षं.

आता भिंतीकडे येते.

या पद्धतीला आलागीला म्हणतात. चुना भिजवून महिनोन् महिने मुरवायचा. कडियानं (बडोद्यात गवंडी कुणी म्हणत नाही) त्याचा एकेक थर द्यायचा, वरचा थर संगमरवराच्या भुकटीचा. तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा: गेरू, पिवडी, काजळी, हिरवी माती. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. रंग त्या दगडात अडकतो. शेवटी अकीकाच्या दगडानं घोटायचं, भिंत आरशासारखी होईपर्यंत. माईचा अकीक खंबातचा. आत्ता माझ्या टेबलावर आहे. एका बाजूनं इतका झिजलाय की अंगठा बरोब्बर बसतो.

यातली मेख अशी की चुना तुमच्यासाठी थांबत नाही. जेवढं त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा, उरलेला खरवडून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला चिकटून नवा तुकडा. माई अशा एका तुकड्याला ‘दिवस’ म्हणायची. दोन दिवसांच्या मध्ये केसाएवढा सांधा राहतो. उन्हं तिरपी आली की दिसतो. मी लहानपणी माईबरोबर दर दिवाळीला मलमलच्या कोरड्या फडक्यानं ती भिंत पुसायला यायची, तेव्हा सांध्यांवरून ते तुकडे मोजायचे. एकतीस आहेत. म्हणजे एकतीस दिवस.

आणि ते सारखे नाहीत. हीच गोष्ट मला तुम्हा सगळ्यांना पडवीत उभं करून दाखवायची आहे. उजवीकडे वडाच्या पारंब्यांचा एक तुकडा चांगला पाच फूट लांब आहे. त्या दिवशी माईच्या सासूबाई डाकोरला दर्शनाला गेलेल्या होत्या. त्याच्या खाली दोन मध्यम तुकडे, ते शाळेला सुट्टी असल्याचे. डावीकडून तिसरी बाई बघा, हिरव्या लुगड्यातली. तिचा कान, कुडी आणि कानामागचे चार केस, एवढाच एक तुकडा आहे. तळहाताएवढा. त्या दिवशी माझी आई, वय वर्षं चार, तापानं फणफणली होती. माई सकाळचा स्वयंपाक उरकून पडवीत आली, कडियानं थर देऊन ठेवला होता, एक कान रंगवला आणि घरून निरोप आला. उरलेला सगळा थर कडियाकाकांनी खरवडला. चुना फुकट गेला म्हणून ते कुरकुरलेही असतील. पण कान झाला. दुसऱ्या दिवशी तिनं गालापासून पुढं सुरुवात केली, म्हणून गालाचा रंग कानापेक्षा किंचित उजळ आहे.

काका, तुम्ही फोनवर मला म्हणालात, ‘अगं, चित्र कुठं जातंय? हाय-रिझोल्यूशन फोटो काढणार आहोत. उलट जास्त चकचकीत दिसेल.’ फ्लेक्सवाल्याच्या पोरानंही सांगितलं की चित्रात जागोजागी चिरा दिसतात, त्या साफ करून देतो. (पोराचा काही दोष नाही. कामात चोख आहे, वासंतिक महोत्सवाचा फलक त्यानंच सुंदर केला होता.) पण तो ज्या चिरा पुसणार आहे, ते माईचे दिवस आहेत. ते काढले तर उरेल ते एक बरं दिसणारं कॅलेंडर.

आता तक्रारी.

पहिली सगळ्यात जुनी आहे, आणि ती तुमच्यातल्या कुणाहीवर नाही, कारण तेव्हा तुम्ही नव्हता. जमाखर्चाच्या वहीत १९६४-६५ च्या पानावर चुन्याचे पैसे आहेत, संगमरवराच्या भुकटीचे आहेत, कडियाची मजुरी दिवसांच्या हिशेबानं आहे. पानाच्या शेवटी ‘भगिनी मंडळास साडी-चोळी व श्रीफळ’. भगिनी मंडळातली कोण, ते नाही. चित्रावर नाव घालू का, असं माईनं विचारलं होतं. ‘सेवेवर सही कशाला?’ असं उत्तर आलं. त्याच वर्षी सभागृहातल्या पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावं रंगवली गेली. पंखे कधीच गेले, पण ती पाती अजून माळ्यावर आहेत. मी पाहिली आहेत.

दुसरी, स्मरणिकेची. अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत अठ्ठेचाळिसाव्या पानावर वडाच्या भिंतीसमोर उभ्या अकरा पुरुषांचा फोटो आहे. डावीकडून उजवीकडे अकराही नावं, उपाधींसकट. खाली: ‘मागे सभागृहातील सजावट, भगिनी मंडळाच्या सौजन्याने.’ माझ्या आईनं तेव्हा तुमच्या संपादकांना पत्र लिहून चूक कळवली होती. शुद्धिपत्रकाची चिठ्ठी निघाली, पण त्यात एका देणगीदाराच्या आडनावाची वेलांटी दुरुस्त केलेली होती.

तिसरी तक्रार भिंतीच्या तब्येतीची, आणि ही मात्र आताच्या मंडळाची. परिपत्रकात लिहिलंय की भिंतीचा ‘रंग उडाला असून ती ओलीने खराब झाली आहे’. खरं आहे. कशानं? नऊ वर्षांपूर्वी त्या भिंतीला लागून थंड पाण्याचा कूलर बसवला. त्याचा नळ तेव्हापासून टिपकतो. खाली ओल दिसायला लागली तशी ती झाकायला तीन फुटांपर्यंत तपकिरी ऑइलपेंट मारला. चुन्याची भिंत श्वास घेते. तिच्या पायथ्याला ऑइलपेंटचा रेनकोट चढवला की ओल बाहेर पडायला वर चढते. बरोबर तेच झालं. रंगाच्या पट्ट्याच्या वर वीतभर पांढरा लोणा फुटलाय आणि बसलेल्या दोन बायकांची लुगडी त्यात विरघळत चालली आहेत. बाकीच्या जखमा मोजत बसत नाही. वडाच्या फांदीत हारासाठी ठोकलेले सहा खिळे आणि चष्मेवाल्या बाईच्या खांद्यावरचा स्विचबोर्ड एवढंच सांगते. मोबाईल चार्जिंगला लावताना प्रत्येक जण तिच्या खांद्याला हात लावतो.

आणखी एक आहे, तिला तक्रार म्हणावं की नाही कळत नाही. आपल्याकडे राजा रविवर्म्याचं नाव घेतल्याशिवाय भाषण संपत नाही. सयाजीराव महाराजांसाठी त्यानं केलेली चौदा पौराणिक चित्रं, दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले ते, सगळं आपल्याला तोंडपाठ. २०१८ मध्ये एक्क्याण्णवावं साहित्य संमेलन बडोद्यात झालं, तेव्हा पाहुण्यांना आपण हेच ऐकवलं. त्यातले काही आपल्या पडवीत चहा पिऊन गेले, वडाच्या भिंतीला पाठ टेकून. एका बाईंनी विचारलं, हे कुणी काढलंय? आपल्या स्वागत समितीतल्या एकानं सांगितलं, ‘जुनं आहे, गायकवाडांच्या काळातलं.’ मी शेजारीच उपमा वाढत होते. रविवर्म्याची सख्खी बहीण मंगलाबाई चित्रकार होती, हेही आपल्या भाषणांत कधी येत नाही, तेव्हा माझ्या आजीचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

‘माई काही मोठी चित्रकार नव्हती’ असं एका विश्वस्तांनी आईला ऐकवल्याचं कानावर आलं. बरोबर आहे. हात तिला जमत नसत. नऊपैकी चार बायकांचे हात तिनं पदराआड दडवले आहेत, आणि ज्यांचे दिसतात त्यातल्या एकीचा अंगठा बटाट्यासारखा आहे. डावीकडचं आकाश रिकामं रिकामं वाटतं. तिथं तिला पक्षी काढायचे होते, पण शाळा पुन्हा सुरू झाली. नंतर इतकं मोठं काम तिला कधीच करता आलं नाही. पण त्या नऊजणी कोण आहेत हे आज सांगू शकणारी मी शेवटची असेन. घड्याळ घातलेली ती इस्पितळातली परिचारिका, वाड्याच्या वरच्या मजल्यावर राहायची. चष्मेवाली शाळेची मुख्याध्यापिका. कमरेवर मूल घेतलेली भांडी घासायला येणारी. डांडिया बाजारातल्या बायकांचा यापेक्षा जुना एकत्र फोटोसुद्धा तुमच्या दप्तरात नाही. होता तर दाखवा, मी पत्र मागं घेते.

आणि झाडाच्या उजवीकडे पांढऱ्या पातळातली जी उभी आहे ती माईची आत्या. विधवा. वटपौर्णिमेच्या चित्रात विधवा म्हटल्यावर तेव्हाच्या मंडळात बरंच काहूर उठलं. तिला काढा किंवा कपाळावर कुंकू द्या, असा निरोप आला. माईनं एक दिवस काम बंद ठेवलं, दुसऱ्या दिवशी आत्याच्या हातात सुताचं रीळ दिलं आणि सांगून पाठवलं: ‘ती वडाला सूत गुंडाळत नाहीये, नुसतं धरून उभी आहे. धरायला कुणाची ना आहे?’ कुणालाच उत्तर सुचलं नाही. आत्या राहिली. सरस्वती हवी असलेल्या मंडळानं १९६४ साली ती राहू दिली, याचं श्रेय मी त्यांना देते. आता तिला पाडायचं असेल तर ती कोण होती हे निदान माहीत असू दे.

माझ्या मागण्या फार नाहीत.

येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत सातवं कलम बाजूला काढा. इमारतीचा ठराव होऊ द्या, मीही हात वर करीन. फक्त त्या एका भिंतीला जाणकारानं तपासून लेखी मत देईपर्यंत हात लावायचा नाही, असं इतिवृत्तात लिहा. जाणकार शोधायला दिल्लीला जायला नको. ललितकला विद्याशाखेत १९५२ पासून म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, विभाग आहे, रिक्षानं दहा मिनिटांवर. निदान कुणाला विचारायचं, ते तिथं कळेल. तपासणीचा खर्च आम्ही तिघं भावंडं देऊ, पावती संस्थेच्या नावानं फाडा.

वास्तुविशारदांना एक साधा प्रश्न विचारा: ही भिंत आहे तिथंच ठेवून लॉबी तिच्याभोवती बसते का? बसत नसेल तर चित्राचा थर गिलाव्यासकट भिंतीपासून सोडवून दुसऱ्या पाठीवर चढवता येतो. नाजूक आणि खर्चाचं काम आहे, पण होतं. दोन्ही जमणार नाही असं जाणकारांनीच सांगितलं, तर मी गप्प बसेन. पण तसं त्यांनी सांगायला हवं, पाडकामाच्या ठेकेदारानं नव्हे.

कूलर आजच हलवा. याला ठराव लागत नाही, प्लंबर लागतो. आणि तो तपकिरी पट्टा उत्साहाच्या भरात कुणी थिनर लावून काढू नका. त्याखाली वडाची मुळं आहेत.

नावाची पाटी लावा. पितळेची नको, साधी चालेल. तिच्यावर माईचं संपूर्ण नाव, त्यापुढे ‘चित्रकार’, सन १९६४-६५, आणि खाली कडियाकाकांचं नाव. वहीत त्यांच्या मजुरीच्या सह्या आहेत, गुजरातीत, त्यावरून मिळेल. ‘सजावट’, ‘सौजन्य’, ‘सेवा’ यातला एकही शब्द पाटीवर नको. माईचं नाव मी या पत्रात कुठं लिहिलेलं नाही, हे लक्षात आलं असेल. ते पहिल्यांदा तुम्ही लिहावं, अशी इच्छा आहे. तुमच्याकडे नसेल तर रांगोळी विभागाच्या यादीत सापडेल.

फ्लेक्स करायचाच असेल तर पार्किंगच्या सूचनांचा करा.

पाडकाम कधीही ठरो, त्याआधी मी त्या भिंतीचे एकतीस तुकडे एकेक करून, तिरप्या उजेडात, मोजपट्टी लावून टिपून घेणार आहे. आईला बरोबर आणते आहे. तिला आता चार पायऱ्या चढायला माणूस लागतो, पण कोणता तुकडा कोणत्या दिवसाचा हे तिनं माईकडून माझ्यापेक्षा जास्त ऐकलेलं आहे. पडवीत ऊन सकाळी साडेआठ ते नऊपर्यंतच भिंतीला लागून येतं. येत्या शनिवारी त्या वेळी पडवीची किल्ली कुणाकडे असेल आणि कूलरसमोरच्या खुर्च्या कोण हलवील, तेवढं शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवावं.

आपली,
संस्थेची एक आजीव सभासद,
माईची नात